भीती काढून घ्यायची की भीड चेपायची?

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, अभ्यास झालाय. पण पॅनलसमोर बसलं की घशाला कोरड पडते, पाटी कोरी होते. संमोहनाच्या शिबिराला जाऊ, डॉक्टरांना गोळी विचारू, की समुपदेशकाकडे जाऊ?" नव्या पद्धतीत मुलाखत २७५ गुणांची झाल्यापासून हा प्रश्न वाढलाय. सोलापुरात बसून मला जे दिसलं, त्यावरून सांगतो.

आधी एक गोष्ट. धडधड अजिबात होऊ नये, असं वाटत असेल तर ते सोडून द्या. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच दाखवलं होतं की ताण वाढेल तशी कामगिरी एका हद्दीपर्यंत सुधारते आणि त्यापुढे, विशेषतः अवघड कामात, कोसळते. आपल्याला त्या हद्दीच्या अलीकडे राहायचंय, एवढंच.

शिबिरापासून सुरुवात करतो, कारण तिथं मी स्वतः जाऊन आलोय. पहिली मुलाखत हातची गेल्यावर 'सुप्त मनातली भीती दोन दिवसांत मुळासकट काढू' अशी जाहिरात वाचून पैसे भरले. मंद उजेड, संथ आवाज, जड होत जाणाऱ्या पापण्या. खोटं का बोलू, परत येताना गाडीत फार हलकं वाटत होतं. पुढच्या मुलाखतीच्या दारात मात्र तळहात तसेच ओले. तिथला निवांतपणा खरा होता, पण तो त्या खोलीपुरताच होता. पॅनलसमोर बसण्याची सवय त्यातून लागली नव्हती. जाणकार तज्ज्ञ उपचाराला जोड म्हणून संमोहन वापरतात, त्याला माझी हरकत नाही. पण 'लहानपणीचा विसरलेला प्रसंग शोधून देतो' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. संमोहनात आठवलेलं सगळं घडलेलंच असतं असं नाही, आणि मनानं रचलेल्या आठवणीवरही माणसाचा पक्का विश्वास बसतो. समोरचा मनोविकारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हे बिनधास्त विचारा.

आता गोळी. प्रोप्रॅनोलॉल हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयविकारासाठी शोधलं, त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा जोर ते अडवतं, म्हणून धडधड आणि हाताची थरथर कमी होते. व्हायोलिन वाजवणाऱ्याला याचा उपयोग कळतो. नेमबाजीत आणि तिरंदाजीत मात्र त्यावर बंदी आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच औषधामुळे गेली. मुलाखतीच्या उमेदवाराची अडचण वेगळी आहे. हात थरथरला तरी चालतं, डोक्यातलं 'हे लोक मला हसतील' बंद व्हायला हवं, आणि तिथं ही गोळी पोचत नाही. पोलीस भरतीची मुलं विचारतात, त्यांना मी सरळ नको म्हणतो. १६०० मीटर धावताना हृदय जोरात चालायलाच हवं. दमा असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते, आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्याची खूण झाकली जाते. मित्राच्या पाकिटातली तर मुळीच घेऊ नका. डॉक्टरांनी दिलीच, तर पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी नको, आधी एखाद्या साध्या दिवशी घेऊन बघा.

तिसरी वाट समुपदेशकाची. ती लांबची आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी आमच्याकडे यायची. घरी तेलुगू. आठवीत धडा वाचताना ती 'माझा आई' म्हणाली आणि वर्ग हसला. आता ती चूक होत नाही, तरी चारचौघांत मराठीत बोलायची वेळ आली की गळा आवळायचा. समुपदेशक ताईंनी तिला भीतीची उतरंड लिहायला लावली, प्रत्येक प्रसंगापुढे शंभरपैकी आकडा. तळाला दहा: विड्या वळत बसलेल्या आईला पेपर मोठ्यानं वाचून दाखवणं. तीस: एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवर तीन प्रश्न विचारणं. पन्नास: अभ्यासिकेतल्या पाच जणांसमोर स्वतःची ओळख. सत्तर: त्याच पाच जणांसमोर मुद्दाम चूक करणं.

ही सत्तरची पायरी मी डोळ्यांनी पाहिली. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "माझी गाव सोलापूर." एक मुलगा गालात हसला. तिचे कान लाल झाले, पण बसली नाही, पुढे यंत्रमागांबद्दल बोलत राहिली. तिसऱ्या वेळी तिनं सत्तर खोडून चाळीस लिहिलं. भीतीपासून पळालं की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेनंच भीती पोसली जाते. थांबलं, की ज्याला आपण घाबरत होतो ते घडलं तरी आपण टिकतो, हे मनाला कळतं. आपल्याकडे भीड चेपणं म्हणतात ते हेच. आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच, जड काठ्या, मानकरी नुसते संक्रांतीलाच उचलत नाहीत, आधी कित्येक आठवडे रात्री सराव चालतो. गर्दीत तोल सांभाळण्याचा विश्वास त्या रात्रींतून येतो.

या वाटेला सहसा आठ-दहा आठवडे द्यावे लागतात आणि घरचा अभ्यास रोज करावा लागतो. ज्याला कुणीतरी करून द्यायला हवंय, तो तिसऱ्या भेटीत गळतो.

म्हणून निवड करताना खिशाआधी कॅलेंडर बघा. दोन-तीन महिने हातात असतील तर उतरंडच धरा. आठच दिवस उरले असतील तर नवं काही सुरू करू नका. अनोळखी माणसांसमोर रोज एक मॉक मुलाखत द्या. दारात बसल्यावर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, पाच मिनिटं पुरे. 'शांत हो' असं मनाला बजावू नका, 'मला उत्सुकता आहे' म्हणा. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांनी भाषण आणि गाणं जास्त चांगलं केलं होतं. लेखी पेपरला घाबरणाऱ्यांनी आधी दहा मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवून बघावी, ती पद्धतही अभ्यासली गेली आहे.

आणि परीक्षा संपल्यावरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर या तुलनेत वेळ घालवू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन मोफत, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं.