यादी पाठ करायची की वस्तूला शब्द चिकटवायचा?

इंग्रजी विशेषणं शिकताना शब्दयादीचा एक फायदा मला मान्य आहे. खवट म्हणजे रॅन्सिड, तुरट म्हणजे ॲस्ट्रिंजंट असे जुळे शब्द यादीतून झटपट पाठ होतात. बसमध्ये दहा मिनिटं मिळाली तरी पुरतात.

पण ‘कडक’ घ्या. यादीत त्याच्यासमोर ‘हार्ड’ लिहिलेलं असतं आणि मुलं बिनधास्त ‘हार्ड टी’ म्हणतात. कडक चहा असतो स्ट्राँग, कडक बाई स्ट्रिक्ट, कडक इस्त्रीचा शर्ट क्रिस्प, कडक ऊन स्कॉर्चिंग. हार्ड असतो तो पाक बिघडलेला लाडू! मराठीत एका शब्दावर भागतं, इंग्रजीत वस्तू बदलली की विशेषण बदलतं.

म्हणून मी वस्तूची बाजू घेते. स्वयंपाकघरात उभं राहून पाहा: कालची पोळी स्टेल, पिकलेलं केळं राइप, जाडं मीठ कोर्स. वहीत नुसतं ‘स्टेल’ लिहू नका, ‘स्टेल ब्रेड’ अशी जोडी लिहा. वेग कमी, दिवसाला चारच जोड्या होतात. पण बोलताना शब्द आपसूक तोंडात येतो, आणि मुलांना मी हेच पोटतिडकीने सांगते.