जीआरईच्या शब्दांचं पेड अ‍ॅप: वर्ष संपत आलं, पहाटे साडेपाचचं भांडण संपलं नाही

जीआरई, म्हणजे परदेशात मास्टर्सच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा, तिच्यासाठी इंग्रजी शब्द शिकवणारं एक पेड अ‍ॅप मी वर्षभर वापरतोय. परवा बँकेचा मेसेज आला की त्याच्या पुढच्या वर्षासाठी ऑटो-पेमधून 3,999 रुपये कापले जाणार आहेत. असा मेसेज पैसे कापायच्या किमान 24 तास आधी यायलाच हवा हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि त्या नियमाचे मनापासून आभार, कारण अ‍ॅपवाल्यांनी स्वतः चकार शब्द काढला नव्हता. मेसेज वाचल्या वाचल्या मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, रद्द केलं आणि हे लिहायला बसलो.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण ईमेलवरचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे: हजारभर शब्द, प्रत्येकाचं कार्ड, खाली चार पर्याय, बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल, आणि रोज न चुकता केलं तर वर आकडा वाढत जातो. पहिल्या वर्षाला 1,999 घेतले. मालिका न तोडता सलग 90 दिवस केलीत तर पुढच्या वर्षी निम्मी सवलत, अशी स्कीम होती. मी अ‍ॅप घेतलं ते या स्कीमकडे बघून. कोणी हसायचं तर हसो.

आता मुख्य मुद्दा. या अ‍ॅपचा दिवस रात्री बारा वाजता संपत नाही. तो पहाटे साडेपाचला संपतो. त्यांचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. बहुतेकांना हे कधी कळणारही नाही, कारण बहुतेक लोक साडेपाचला झोपलेले असतात. मी नसतो. रांजणगावला माझी फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होते आणि कंपनीची बस धायरीच्या स्टॉपवर सव्वापाचला येते. शब्द करायला माझ्याकडे तेवढाच शांत वेळ असतो.

तर गंमत बघा. सोमवारी बस वेळेवर आली, बसल्या बसल्या दिवसाचं टार्गेट उरकलं, वाजले सव्वापाच ते साडेपाच. अ‍ॅपच्या लेखी हा रविवार. मंगळवारी बस वीस मिनिटं उशिरा, मी कार्डं सुरू केली साडेपाचनंतर. अ‍ॅपच्या लेखी हा मंगळवार. मधला सोमवार गेला कुठे? कोरा. मालिका तुटली, आकडा शून्य. मी दोन्ही दिवस अभ्यास केला होता, दोन्ही दिवस टार्गेट पूर्ण होतं, आणि ड्रायव्हरकाकांना वाटेत डिझेल भरावं लागलं म्हणून माझी सवलत गेली. हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मालिका ऐंशीच्या पुढे होती.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, 'डिअर लर्नर, तुमची मालिका तुमच्यासाठी किती महत्त्वाची आहे याची आम्हाला कल्पना आहे. कृपया रोज नियमित सराव करावा.' मी वेळेचे स्क्रीनशॉट पाठवले. पुन्हा उत्तर, यावेळी सोबत फोनचं घड्याळ ऑटोमॅटिकवर कसं ठेवायचं त्याचा व्हिडिओ. मी साध्या भाषेत लिहिलं की घड्याळ माझं बरोबर आहे, तुमचं लंडनच्या हिवाळ्यात अडकलंय. त्यावर तिकीट क्लोज. रूममेट म्हणाला, अरे दोन हजारांसाठी किती डोकं खपवतोस? प्रश्न दोन हजारांचाही होता, नाकारत नाही.

आता अ‍ॅपने शिकवलं काय ते. परीक्षेच्या वर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या भागात, आता 41 मिनिटांत 27 प्रश्न असतात, एक सेक्शन 12 चा, दुसरा 15 चा. सप्टेंबर 2023 पासून अख्खी परीक्षाच आटोपशीर झाली, दोन तासांच्याही आत. वर्बलमधले निम्म्याच्या आसपास प्रश्न उताऱ्यांवरचे, म्हणजे थेट शब्दांचा कस लागतो तो उरलेल्या टेक्स्ट कम्प्लीशन (गाळलेल्या जागा भरा) आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये (एकाच जागी बसणारे दोन शब्द निवडा). विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजी, म्हणजे शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे प्रश्न, 2011 मध्येच गेले. तरी सीनियर मंडळी अजून साडेतीन हजार शब्दांच्या जुन्या यादीची पीडीएफ पुढे सरकवतात, ती का हे त्यांनाच विचारा. सुटा शब्द समोर टाकून अर्थ विचारणं या परीक्षेने बंद केलंय, आणि अ‍ॅपची ऐंशी टक्के कार्डं अजून तेच करतात.

चार पर्यायांची भानगड जरा सविस्तर सांगतो. 'टॅसिटर्न' (अबोल) समोर आला, खाली चार अर्थ. त्यातले दोन उघड चुकीचे, तिसरा कालच्या दुसऱ्या शब्दाचा, उरला तो बरोबर. हिरवं. अ‍ॅप खूश, मी खूश, शब्द अ‍ॅपच्या हिशेबात 'मास्टर्ड'. महिन्याभराने वाक्यात तोच शब्द दिसला तर फक्त एवढं आठवतं की हा आपण कुठेतरी पाहिलाय. ओळख होती, पण हाक मारल्यावर तो येत नव्हता. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या पॉवरप्रेप नावाच्या मोफत सराव टेस्ट दोन आहेत. पहिली मी अ‍ॅपमध्ये सहाशे शब्द 'मास्टर्ड' असताना दिली. वर्बल 149. क्वांटचं, म्हणजे गणिताचं, विचारू नका, मेकॅनिकलवाल्याला तिथे तोशीस पडत नाही.

दुसरा घोळ साध्या शब्दांचा. परीक्षेला अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांचे कमी वापरातले अर्थ जास्त आवडतात: 'चेक' म्हणजे रोखणं, 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मुरड घालणं. अ‍ॅपमध्ये हे शब्द नाहीतच, कारण ते दिसायला सोपे आणि सोप्या शब्दांसाठी कोण पैसे देणार.

(इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मध्ये सेकंड शिफ्टचा आठवडा गेला आणि अ‍ॅपचं अपडेट आलं, म्हणून पुढचं थोडं वेगळ्या सुरात.)

अपडेटमध्ये टाइम झोन निवडायची सोय दिली आहे! सेटिंगच्या तिसऱ्या पडद्यावर, 'प्रायोगिक' या सदराखाली. उघडलं तर यादीत पूर्ण तासच. पाच किंवा सहा. साडेपाच नाही. एवढ्या लोकसंख्येचा देश त्यांच्या यादीत दोन आकड्यांच्या फटीत पडलाय. पाच निवडलं तर दिवस रात्री साडेबाराला बदलतो, सहा निवडलं तर साडेअकराला. मी पाच निवडलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्यापुरता प्रश्न सुटला. पहाटेची बस आता कितीही डुलत येवो. सेकंड शिफ्टवाल्यांनी रात्री घरी येऊन करायचं असेल तर साडेबाराच्या आत उरका.

दुसरं असं की राग शांत झाल्यावर अ‍ॅपमधला सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा विभाग नीट केला, आणि तो खरोखर उत्तम आहे. सहा पर्यायांतून दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा, आणि एक बरोबर आला म्हणून अर्धे गुण मिळत नाहीत. इथे सापळे ठरलेले असतात. एक समानार्थी जोडी अशी ठेवतात की जी वाक्यात बसतच नाही, आणि एक शब्द असा की जो छान बसतो पण त्याला जोडीदार नसतो. नेमका तोच मी दर वेळी उचलायचो. अ‍ॅप प्रत्येक चुकीखाली सांगतं की तुम्ही या सापळ्यात पडलात की त्या, आणि वाक्यातल्या कुठल्या शब्दाने इशारा दिला होता. 'दो' (though), 'डिस्पाइट', 'फार फ्रॉम' असले छोटे शब्द मी आधी ओलांडून जायचो, आता तिथे थांबतो. ज्याने हा विभाग लिहिला त्याला पगार वाढवून द्या आणि मालिकेवाल्याकडून वसूल करा.

म्हणून आधी दोन तारे देणार होतो, ते तीन करतोय.

सुट्या शब्दांसाठी मात्र आता अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं सॉफ्टवेअर वापरतो. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे पडतात, सुमारे 25 डॉलर, पण एकदाच. त्यात पर्याय येत नाहीत. कार्ड कोरं असतं, उत्तर आपण मनात द्यायचं, उलटून बघायचं आणि 'अगेन', 'हार्ड', 'गुड', 'ईझी' यातलं बटण स्वतःच दाबायचं. स्वतःला फसवायचं तर फसवता येतं, पण त्यात मजा नाही. मी दुसऱ्यांची तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतली नाही. पॉवरप्रेपमध्ये आणि वाचनात अडलेलं वाक्य उचलतो, शब्दाच्या जागी गाळलेली जागा ठेवतो, मागे शब्द. 'क्वालिफाय' वगैरे साधे दिसणारे सगळे यात जातात. एकच शब्द पुन्हा पुन्हा चुकत राहिला तर अँकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, ठरवून बाजूला काढतं. जळू झालेल्या कार्डाचं वाक्य बदलायचं, शब्द बहुधा बसतो. नवीन कार्डं मूळ सेटिंगप्रमाणे रोज 20 येतात, मी ती दहावर आणली आहेत, कारण चार दिवस सुट्टी घेतली की राहिलेल्या उजळण्यांचा ढीग अंगावर येतो.

आणि अँकीत नवा दिवस कधी सुरू होतो? मूळ सेटिंगमध्ये पहाटे चारला, आणि हवा तो तास निवडता येतो. फुकट सॉफ्टवेअरमध्ये. हे मी सपोर्टला लिंकसकट कळवलं.

दुसरी पॉवरप्रेप गेल्या रविवारी दिली, वर्बल 156. यातलं किती श्रेय कोणाचं ते वाटून देता येणार नाही, मधल्या काळात वाचनही वाढलं होतं. पण या वेळी सेंटेन्स इक्विव्हॅलन्समधला एकच चुकला.

मँडेट रद्द केल्यावर दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपमध्ये ऑफर आली: 'आम्हाला तुमची आठवण येते', वर्षाला 1,499. म्हणजे नव्वद दिवस मालिका जपून जी निम्मी सवलत मिळाली असती, तिच्यापेक्षा रद्द करणाऱ्याला पाचशे रुपये स्वस्त. नव्याने घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा आणि मालिकेच्या आकड्याकडे ढुंकून बघू नका.

माझी परीक्षा दोन महिन्यांवर आहे, वर्षाचा पॅक नकोय. महिन्याचा पॅक ऑटो-पे न लावता, यूपीआयने एकदाच पैसे भरून मिळतो का, असं विचारलंय. मिळाला तर सेंटेन्स इक्विव्हॅलन्सच्या उरलेल्या प्रश्नांसाठी घेईन, कार्डं उघडणार नाही.