गुडघ्यातलं वंगणाचं इंजेक्शन: आठ महिन्यांचा अनुभव, आणि तो खोका

मागच्या जूनमध्ये उजव्या गुडघ्यात हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं. 6 मिलीची एकच सिरिंज, दर आठवड्याला चकरा मारायच्या कोर्सपैकी नव्हे. हा सांध्यात मुळातच असणारा वंगणासारखा चिकट पदार्थ, झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून वरून टोचतात. लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. दवाखान्यात फोन केला तर पलीकडून एवढंच, "काका, तेच पॅकेज, 24 हजार. कधी येताय?"

माझं वय 63. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात 31 वर्षं स्टोअर्स सांभाळलं, दिवसभर काँक्रीटच्या फरशीवर उभं राहून. एक्स-रेमध्ये ग्रेड 3 निघाला, म्हणजे सांध्याच्या झिजेची चारपैकी तिसरी पायरी. एक्स-रे उभ्यानेच काढून घ्या बरं का, झोपून काढला की सांध्यातली फट असते त्याहून जास्त दिसते. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलायची वेळ अजून आली नाही, शुगर असल्यामुळे स्टेरॉइडचं इंजेक्शन टाळू, वंगण घालून बघू. आयुष्य मशीनच्या सान्निध्यात गेलेलं, वंगण म्हटल्यावर मला लगेच पटलं.

इंजेक्शनच्या दिवशी आधी सुईने सांध्यातलं पिवळसर पाणी काढलं, अर्धा चमचा नव्हे, चांगली 10 मिलीची सिरिंज भरली. मग त्याच सुईतून औषध. दुखलं म्हणावं तर नाही, पण गुडघा आतून तट्ट फुगल्यासारखा वाटला. दोन दिवस जास्त चालू नका, जिने टाळा, असं सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा झाला. बर्फ लावला, चार दिवसांत उतरला. अशी सूज काहींना येते आणि ओसरते, पण सोबत ताप आला किंवा गुडघा लाल-गरम होऊन टेकवेना, तर एक दिवसही थांबायचं नसतं, तो संसर्ग असू शकतो. हे मला फोन केल्यावर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर पैसे गंगेत गेले म्हणून सांगितलं असतं. सातव्या आठवड्यात एका सकाळी दूध घेऊन वर आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि लक्षात आलं की कठड्याला हात लावलाच नाही. तीन मजले. ही म्हणाली, पुन्हा एकदा उतरून दाखवा. दाखवलं. नंतर बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी जाऊन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलो. दिवाळीपर्यंत पेनकिलरची पट्टी कपाटातून बाहेर निघाली नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता खोक्याचं.

मी माळकरी आहे. इंजेक्शन घेतल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दिंडीतले एक जण सहज म्हणाले, माउली, ते औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात ना? मला धक्काच बसला. पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, काका, काही कंपन्यांचं तुऱ्यापासून, काहींचं जिवाणूंकडून आंबवून तयार करतात. हा पदार्थ 1934 साली पहिल्यांदा वेगळा केला तो गायीच्या डोळ्यातून. तुम्हाला कुठलं दिलं ते खोक्यावर बघा.

खोका कुठे होता? सिरिंज आतच उघडली, मी खोका मागितला तर सिस्टर म्हणाल्या, "तो बायोवेस्टमध्ये गेला काका." पुठ्ठ्याचा कोरडा खोका कसला बायोवेस्ट? सुई गेली, सिरिंज गेली, ते बरोबर. 31 वर्षांत बॅच नंबरची नोंद केल्याशिवाय मी एक बेअरिंग आत घेतलं नाही. आणि माझ्याच सांध्यात काय गेलं याचा कागद माझ्याकडे नाही! बिलावर फक्त "इंजेक्शन प्रोसिजर पॅकेज". तीन चकरा मारल्यावर फाईलमधल्या स्टिकरची झेरॉक्स मिळाली. त्यावर नाव, बॅच, मुदत होती. नावावरून पुतणीने माहितीपत्रक काढलं. तुऱ्यापासूनचंच होतं. त्यातच स्पष्ट छापलंय की पक्षी, पिसं, अंडी यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी सावध राहावं. मला अंड्याचं कोणी विचारलं नव्हतं आणि माळेचंही नाही. गळ्यात तुळशीची माळ समोर दिसत होती.

महाराजांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, औषध म्हणून अजाणता घेतलं, मनाला लावून घेऊ नका. त्यांचं मोठेपण. माझ्या मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही. विचारलं असतं तर मी दुसरं मागितलं असतं, मिळत होतं.

तीच झेरॉक्स घेऊन गोळे कॉलनीत, नाशिकच्या औषधांच्या घाऊक बाजारात गेलो. स्टोअर्सवाल्याला भाव काढल्याशिवाय चैन पडत नाही. खोक्यावरची छापील किंमत 19,800, आणि दुकानदार 12,500 ला द्यायला तयार. जिवाणूंपासून बनवलेलं एक त्याहून स्वस्त. बाहेरचा माल डॉक्टर घेत नाहीत, कारण तो कसा साठवला होता याची त्यांना खात्री नसते, हे मला मान्य. पण मग बिलात औषध वेगळं आणि डॉक्टरांची फी वेगळी दाखवायला काय हरकत आहे? फी त्यांच्या हाताची आहे, ती मी आनंदाने दिली असती.

याच सुमाराला पुतणीने आणखी एक गोष्ट दाखवली आणि माझे पाच तारे तिथेच डळमळले. 2022 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 169 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, 21,163 रुग्णांचा. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत याने दुखणं कमी होतं, पण रुग्णाला खरोखर फरक जाणवावा एवढं नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनेही 2021 च्या मार्गदर्शनात सरसकट वापराची शिफारस केलेली नाही. आणि टोचलेलं औषध सांध्यात महिनोन्‌महिने राहत नाही, शरीर ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत काढून टाकतं. म्हणजे माझी ग्रीसची कल्पना चुकीची होती.

मग कठडा कसा सुटला? मी खोटं बोलत नाही, सुटला होता. पण जुलैपासून पुतणीने मांडीचे व्यायाम लावले होते, खुर्चीवर बसून पाय सरळ करून 10 अंक धरायचा, दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा, रोज दोनदा. साखर बंद केल्याने वजनही 4 किलो उतरलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका होतो, असं ती सांगते. यातलं कशाने किती झालं हे वेगळं काढता येत नाही. इंजेक्शनने मला व्यायाम करता येईल इतकी उसंत दिली, एवढं श्रेय मी त्याला मनापासून देतो. ज्यांना दुखण्यामुळे पाय उचलवत नाही त्यांच्यासाठी ही उसंतही मोठी असते.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला नाशिकहून पूर्ण चालायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही, अंजनेरी फाट्यापासून त्र्यंबकपर्यंत चाललो. कुशावर्तावर पाय बुडवून बसलो तेव्हा गुडघा ठणकत होता, पण दोन वर्षांनी पायी पोचलो होतो. त्यानंतरच पुन्हा कुरकुर सुरू झाली.

दुसरं इंजेक्शन सध्या घेत नाही. जून उजाडेपर्यंत व्यायाम चालू ठेवून बघणार. घेतलंच तर खोका माझ्यासमोर उघडायचा, नाव आणि बॅच मी वाचणार, आणि आंबवून बनवलेलं असेल तरच.

दवाखान्यात मराठीत अर्ज दिला होता की संमतीपत्रात दोनच प्रश्न घाला, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का आणि प्राण्यापासून बनवलेलं औषध चालेल का. सोमवारी जाऊन बघितलं. रिसेप्शनवर तोच इंग्रजी कागद, खाली सहीची जागा, आणि माझ्या पुढच्या आजी अंगठा उठवत होत्या. त्यांच्याही गळ्यात माळ होती. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.