कॉलेजचा दवाखाना: तापाला उत्तम, पण गोळ्यांच्या पाकिटावर नाव लिहून घ्या

सोलापुरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या आवारातल्या दवाखान्याबद्दल हे लिहिलं आहे. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक सिस्टर, औषधांच्या खिडकीशी कंपाउंडर. ओळखपत्र दाखवलं की केसपेपर निघतो. तपासणीची फी नाही आणि साध्या गोळ्या फुकट मिळतात. रक्ताच्या तपासण्या मात्र बाहेरच्या लॅबमध्ये स्वतःच्या खर्चाने कराव्या लागतात. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना एवढी सोय जवळ असणं फार मोलाचं आहे.

या दवाखान्याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे इथे ताप नीट हाताळला जातो. शहरात नळाला पाणी रोज येत नाही. खोल्यांमध्ये, गच्चीवर बॅरल आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर 'अंग मोडून ताप आलाय' म्हणणाऱ्या मुलाला डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, 'ताप कधीपासून?' याच उत्तरावर तपासणी ठरते. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). तिसऱ्या दिवशी नुसती आयजीएम केली तर डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि पैसे गेले ते गेलेच. टायफॉइडसाठी पहिल्या दोन दिवसांतच विडाल ही रक्ततपासणी करून घेण्याची घाई अनेकांना असते. त्या वेळी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. टायफॉइडचा दाट संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवणं हाच पक्का मार्ग, आणि इथे तसंच सांगितलं जातं.

तापावर फक्त पॅरासिटामॉल मिळते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मागितलं तरी देत नाहीत, कारण डेंग्यू निघाला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. 'एक सुई मारा, सलाईन लावा' असा हट्ट धरणाऱ्यांना इथे निराश व्हावं लागतं. तोंडाने पाणी पोटात टिकत असेल तर सलाईनची गरज नसते, हे डॉक्टर शांतपणे समजावून सांगतात. आणखी एक गोष्ट मनापासून आवडली: ताप उतरल्यावरही पेशंटला पुन्हा बोलावतात. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. 'बरं वाटतंय' म्हणून मुलं प्रॅक्टिकलला जातात आणि तिथेच कोसळतात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखी गुंगी, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट सिव्हिल गाठायचं.

आता उणीव, आणि ती गंभीर आहे. खिडकीतून गोळ्या मिळतात त्या स्ट्रिपमधून कात्रीने कापलेल्या असतात. कागदी पाकिटावर पेनने फक्त '१-०-१' लिहिलेलं असतं. औषधाचं नाव नाही, मिलिग्रॅम नाही, आणि मुदत छापलेली कड दुसऱ्या कोणाच्या तरी पाकिटात गेलेली असते. एरवी हे चालून जातं. पण अंगावर पुरळ उठलं, किंवा रात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर आधी काय दिलंय हे कोणालाच सांगता येत नाही. पांढरी गोळी म्हणजे पॅरासिटामॉलही असेल आणि अँटिबायोटिकही. म्हणून खिडकीपाशीच नाव आणि मात्रा लिहून घ्या आणि केसपेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कंपाउंडर वैतागले तरी चालतील. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर ती केसपेपरच्या अगदी वर, ठळक लिहायला लावा. विचारल्याशिवाय इथे ती नोंद होत नाही.

ओआरएस मागेल तितकं मिळतं. सोलापूरचा एप्रिल-मे आणि त्यातच परीक्षा म्हटल्यावर ते हवंच. चूक होते ती ते तयार करण्यात: मोठं पाकीट एका ग्लासात ओततात. ते बरोबर एक लिटर पाण्यासाठी असतं. दाट केलं तर मीठ जास्त होऊन उलटी आणि तहान दोन्ही वाढतात. एक लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट टाका, घोटघोट प्या आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. उन्हात कोणी बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणीही घालायचं नाही. सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करून अंगभर पाणी मारायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन लावायचा.

मुलींसाठी व्यवस्था अपुरी आहे. तपासणीच्या टेबलाला पडदा आहे, पण केसपेपर काढताना 'काय होतंय?' हा प्रश्न रांगेसमोर मोठ्याने विचारतात. पाळीच्या तक्रारी सांगायला मुली मग कचरतात आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतात. 'सिस्टरशी बोलायचंय' एवढंच सांगितलं तर आत पाठवतात, पण तशी पाटी लावायला काय हरकत आहे? हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं की लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत चालतात. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मन ठिकाणावर नसेल तर इथे समुपदेशक नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कुत्रं चावलं तर इथे रेबीजची लस नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. रक्त आलेलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं असलेलं इंजेक्शन) लागतं. दंडाच्या कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. परीक्षा किंवा गावची जत्रा म्हणून शेवटचा डोस टाळू नका.

हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेट हवं असेल तर आजारपणातच या. बरं झाल्यावर मागच्या तारखेचं इथे देत नाहीत आणि ते योग्यच आहे. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि विश्रांतीच्या तारखा आहेत का, हे तिथेच बघून घ्या. यातलं काही राहिलं तर कॉलेजचं ऑफिस ते परत पाठवतं.