बॉब्ज बिग बॉय, बरबँक: गाड्या भरपूर, पोरं कुठायत?

लॉस एंजेलिसला येणारे आपले लोक युनिव्हर्सल स्टुडिओ करतात, हॉलिवूड साइनसमोर फोटो काढतात आणि निघतात. माझं सांगणं आहे की तिथून जवळच बरबँकला रिव्हरसाइड ड्राइव्हवर हे हॉटेल आहे तिथे एक संध्याकाळ काढाच. 1949 ची बिल्डिंग आहे, वेन मॅकॅलिस्टर या आर्किटेक्टची, बिग बॉय या बर्गर हॉटेलांच्या साखळीतल्या आज उरलेल्यांमधली सगळ्यात जुनी. 1965 साली बीटल्स इथे जेवून गेलेत, त्या टेबलापाशी पाटी आहे.

आधी खाण्याचं बोलू. इथला डबल डेकर बर्गर ही साखळी सुरू करणाऱ्या बॉब वायनने 1937 मध्ये जवळच्या ग्लेनडेलला पहिल्यांदा केला, आणि तिथलं त्याचं छोटंसं काउंटर घ्यायला त्याने स्वतःची डिसोटो गाडी विकली होती. बर्गर बीफचा असतो, चालत नसेल तर ग्रिल्ड चीज आणि ऑनियन रिंग्ज घ्या, रिंग्ज मस्त कुरकुरीत. चॉकलेट शेक धातूच्या पेल्यात येतो आणि इतका घट्ट की चमच्यानेच खावा लागतो. ब्लू चीज ड्रेसिंग मला उग्र वाटलं, बाकीच्यांनी मात्र बोटं चाटून खाल्लं.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा शो असतो. शेव्ही बेल एअर, मस्टँग, जमिनीला टेकतील इतक्या खाली केलेल्या लोरायडर गाड्या, बॉनेट उघडं ठेवलेलं, आतलं क्रोम इतकं घासलेलं की तोंड दिसतं. गाड्यांचे मालक शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, बहुतेक सगळे साठी-सत्तरीचे, काहीही विचारा, प्रेमाने सांगतात. एक आजोबा मला व्हॅन नाइस बुलेव्हार्डच्या बुधवारच्या रात्रींबद्दल सांगत होते, गाडीत पाचजण कोंबायचे, काचा खाली, रेडिओ मोठ्ठा आणि त्याच रस्त्याने हळूहळू वर-खाली चकरा, जायचं कुठेच नाही, फक्त बघायचं कोण कोण आलंय. आपल्याकडे एफसी रोडला बाईकवर चालायचं तसंच, फक्त व्ही-एट इंजिनावर!

आणि इथेच मला वाईट वाटतं, कारण सोळा-सतरा वर्षांचा पोरगा स्वतःची गाडी घेऊन आलाय असं मला तिथे दिसलंच नाही. पोरं येतात ती आजोबांचं बोट धरून नाहीतर मोबाइलवर फोटो काढायला. दोष हॉटेलचा नाही हे मान्य. आधी 70 च्या दशकात पेट्रोल महागलं, मग पोलिसांनी व्हॅन नाइस आणि व्हिटिअर बुलेव्हार्डला रस्ते बंद करून ते सगळं मोडून काढलं, मग गावोगावी नियम आले की ठराविक वेळात त्याच जागेवरून परत परत गेलात तर तिकीट. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून शहरांचे हे क्रूझिंगबंदीचे, म्हणजे अशा चकरांवरच्या बंदीचे, नियम रद्द केले, लोरायडरवाल्यांनी त्यासाठी खूप वर्षं भांडून ते मिळवलं, पण तोवर पोरंच गाडीतून उतरलेली. 1983 मध्ये अमेरिकेतल्या सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 46 टक्क्यांकडे लायसन्स होतं, 2014 मध्ये साधारण 25 टक्क्यांवर आलं. आणि इथल्या नियमाने अठराच्या आतल्या मुलाला लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्षभर रात्री 11 नंतर गाडी चालवता येत नाही, सोबत किमान पंचवीस वर्षांचा लायसन्सवाला नसेल तर विशीच्या आतल्या मित्रांना गाडीत बसवताही येत नाही, मग चकरा मारणार कुणाबरोबर? मुलांचे जीव वाचावेत म्हणून नियम केलाय, एक आई म्हणून मला तो पटतो, तरीपण भेटायची एक फुकटातली जागा गेली ती गेलीच.

म्हणून माझं मत, शुक्रवारपेक्षा शनिवारी नाहीतर रविवारी संध्याकाळी जा, तेव्हा कारहॉप सर्विस असते. गाडीतच बसून ऑर्डर द्यायची, काच अर्धी वर ठेवायची, त्यावर ट्रे अडकवून देतात. माझी मुलगी एरवी गाडीत बसली की कानात इअरबड घालते, तिथे मात्र तिने स्वतःहून काच खाली केली आणि शेजारच्या गाडीतल्या मुलींना शेक कुठला घेतलाय ते विचारलं, मग अर्धा तास या खिडकीतून त्या खिडकीत गप्पा.

मॅनेजमेंटला मनापासून विनंती, महिन्यातून एक संध्याकाळ विशीच्या आतल्यांसाठी ठेवा, आईची जुनी कोरोला आणली तरी चालेल म्हणा, शेकवर थोडी सूट द्या. खाण्याला चार स्टार, कारहॉप सर्विसला पाच. शुक्रवारी जाणार असाल तर लवकर पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही.