वॉकीटॉकी खणखणीत, पण कागद कुठंय?

आमचं लग्नाच्या डेकोरेशनचं काम, सीझनला नाशकातल्या औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर रोजचा मुक्काम. स्टेजवरून जनरेटरवाल्याला फोन लावला की डीजेच्या आवाजात पठ्ठ्याला ऐकूच येत नाही, म्हणून एमजी रोडवरच्या एका दुकानातून वॉकीटॉकीच्या २ जोड्या घेतल्या, तेच ते स्वस्तातले काळे, १६ चॅनलचे, डोक्यावर टॉर्च असलेले. दुकानदाराला विचारलं लायसन लागतं का, तर म्हणे "छे हो भाऊ, सगळे वापरतात".

वापरायला खरंच भारी. गेटपासून भटारखान्यापर्यंत आवाज स्पष्ट, बॅटरी वरातीपासून पाठवणीपर्यंत पुरते, एकदा चिखलात पडला तरी चालू. इथपर्यंत मी ५ स्टार देणार होतो.

मग भाचा आला. त्याच्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन आहे, त्याने केबल लावून सेट लॅपटॉपवर उघडला तर सगळे चॅनल ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास! आपल्याकडे बिनलायसनचा वॉकीटॉकी चालतो तो फक्त ४४६.० ते ४४६.२ या पट्ट्यात, २०१८ च्या नियमाने, आणि तोही कमी पॉवरचा. इथे डब्यावर अभिमानाने ५ वॅट छापलंय. मी म्हटलं मग ४४६ ला सेट करून टाक ना, तर म्हणाला मामा, नुसता चॅनल बदलून भागत नाही, मॉडेलला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस खात्याची, ईटीए (उपकरणाच्या मॉडेलची) मंजुरी पाहिजे आणि पॉवरही मर्यादेत पाहिजे. बरं तुझ्या लायसनवर चालवू का, तर तेही नाही, हॅम लायसन धंद्यासाठी नसतंच.

डबा उलटासुलटा करून बघितला, ईटीए नंबर कुठेच नाही. सीईचं चिन्ह मात्र ठळक, ते युरोपचं, आपल्याकडे त्याचा काय उपयोग. ऑनलाइनवाल्यांना तर मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने गाइडलाइन्सच काढल्यात, वॉकीटॉकी विकताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए दाखवायचं म्हणून. दुकानात कोण विचारतंय!

आणि हे नुसतं कागदी नाटक नाहीये, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर आपण "जिलबी संपली, जिलबी संपली" ओरडतोय आणि त्याच चॅनलवर कुणाचं तरी कामाचं बोलणं चालू असू शकतं. पुढे कुंभमेळ्याला नाशकात किती वायरलेस वाजणार आहेत विचार करा.

आता ४४६ चे, ईटीए नंबर छापलेले सेट मागवलेत. महाग पडले, रेंजही कमी, पण लॉनला पुरते. घेणाऱ्याने आधी फ्रिक्वेन्सी विचारा, मग ईटीए नंबर मागा आणि तो सरकारच्या सरल संचार पोर्टलवर टाकून बघा. दुकानदार "सगळे वापरतात" म्हणाला की सरळ बाहेर पडा.

जुने सेट परत घ्या म्हणून २ चकरा मारल्या, "मालक बाहेरगावी गेलेत". २ स्टार, तेही बॅटरीचे.