इंदूर–मुंबई विमानप्रवास : मनी पायाशी, वाघ्या सामानकक्षात

या मे महिन्यात आम्ही उभयता सहा आठवड्यांसाठी मुलीकडे मुंबईला गेलो, तेव्हा घरची मांजर मनी आणि गावठी कुत्रा वाघ्या यांनाही विमानाने बरोबर नेले. कंपनीचे नाव लिहीत नाही. जे बिनसले त्यात काउंटरवरच्या आणि दूरध्वनीवरच्या मोजक्या माणसांचा वाटा मोठा होता आणि तशी माणसे कोणत्याही कंपनीत भेटू शकतात. निकाल आधीच सांगून टाकतो : मांजराच्या प्रवासाला पाचपैकी चार गुण, कुत्र्याच्या प्रवासाला दोन.

इंदूरकरांना मुळात निवड फारशी नाही. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांपैकी बहुतांश इंडिगोची असतात आणि इंडिगो अपंग प्रवाशांच्या मदतनीस श्वानांखेरीज पाळीव प्राणी घेत नाही. त्यामुळे तारीख आपल्या सोयीने नव्हे, तर प्राणी नेणाऱ्या कंपनीचे विमान कधी आहे ते पाहून ठरवावी लागते. शिवाय प्राण्याचे आरक्षण संकेतस्थळावर तिकिटासोबत होत नाही. आधी दूरध्वनी करून परवानगी घ्यावी लागते, आणि एका विमानात मोजकेच प्राणी घेत असल्यामुळे माणसाचे तिकीट त्यानंतरच काढणे शहाणपणाचे.

केबिनमधल्या प्राण्यासाठी आमच्या कंपनीची वजनमर्यादा सात किलो होती. हे सात किलो कशाचे, हा खरा प्रश्न. दूरध्वनीवरच्या मुलीने ठामपणे 'मांजराचे' असे सांगितले, तर नियमपत्रिकेत 'पिशवीसह' असे स्पष्ट छापले होते. मनी भरते ४ किलो ६०० ग्रॅम. आम्ही आधी आणलेला कडक प्लास्टिकचा डबा २ किलो ६०० ग्रॅमचा निघाला. बेरीज सातच्या वर गेलेली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर कळली म्हणून बरे, नाहीतर ती काउंटरवर कळली असती. मग जाळीच्या खिडक्यांची मऊ पिशवी घेतली. ती समोरच्या आसनाखाली दबून बसते आणि वजनाला सव्वा किलोच आहे.

सुरक्षा तपासणीविषयी मात्र कोणीच आधी बजावले नव्हते. पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते, मांजर जात नाही. तिला बाहेर काढून, कडेवर घेऊन धातुशोधक चौकटीतून चालत जावे लागते. सामानाचे ट्रे आदळण्याच्या आवाजात घाबरलेली मांजर हातातून निसटली, तर ती विमानतळाच्या छतापर्यंत कुठेही जाऊ शकते. आमच्या सौभाग्यवतींनी पंधरा दिवस आधीपासून मनीला छातीपट्ट्याची सवय लावली होती आणि पट्ट्याची दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली होती. सीआयएसएफच्या महिला जवानाने शांतपणे बाजूला उभे राहून वेळ दिला, हे आवर्जून नोंदवतो. पुढचा तासाभराचा प्रवास मनीने मुकाट्याने केला. उतरताना दोनदा ओरडली, एवढेच.

वाघ्याची गोष्ट वेगळी. एकोणीस किलोचा कुत्रा सामानकक्षातच जाणार आणि त्यासाठी पिंजरा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, मापाचा हवा. हे माप मला या साऱ्या व्यवहारातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी मिळते. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही त्याची रुंदी. आणि उभ्या कुत्र्याची डोक्यापर्यंतची, किंवा कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंतची उंची अधिक अंथरूण ही त्याची उंची. कुत्र्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि नैसर्गिकपणे पसरून झोपता यावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. वाघ्याची लांबी ७५ आणि कोपर ३४ सेंटिमीटरवर, म्हणून पिंजरा आतून ९२ सेंटिमीटर हवा. दुकानदार मात्र बाहेरून ९१ सेंटिमीटर असलेला पिंजरा 'विमानाचा आहे' म्हणून गळ्यात मारत होता. त्याच्या पुढचा आकार घेतला, तो नऊ किलोचा. कुत्र्यासह अठ्ठावीस किलो झाले, म्हणजे सामानाच्या एका नगासाठीच्या बत्तीस किलोंच्या सर्वसाधारण मर्यादेत बसले. पिंजऱ्याचे दोन भाग प्लास्टिकच्या खटक्यांनी नव्हे, तर धातूच्या नटबोल्टांनी जोडलेले असावेत आणि पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता यावी, हेही पाहून घ्यावे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती असतील तर पिंजरा दहा टक्के मोठा लागतो, आणि अनेक कंपन्या त्यांना सामानकक्षात घेतच नाहीत. उष्णतेत व ताणाखाली या कुत्र्यांना श्वास पुरत नाही, हे त्याचे कारण आहे.

आरोग्याचा दाखला आणि रेबीजच्या लसीची नोंद घेण्यासाठी आम्ही महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. वाघ्याला गुंगीचे औषध द्यावे काय, असे विचारल्यावर तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. गुंगीत रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते, आणि सामानकक्षात ते पाहायला कोणी नसते. त्याऐवजी पिंजरा तीन आठवडे घरात उघडा ठेवून त्यातच जेवण द्यायला त्यांनी सांगितले. प्राण्यांच्या वाहतुकीविषयीचे १९७८ चे केंद्रीय नियम विमानालाही लागू आहेत आणि निघण्याच्या किमान दोन तास आधी कुत्र्याला अन्नपाणी दिलेले असावे असे त्यांत म्हटले आहे, हेही त्यांनीच सांगितले. काउंटरवर मात्र 'कुत्रा उपाशीच हवा' असा आग्रह चालला होता.

सामानकक्षात हवा नसते ही समजूत चुकीची आहे. तिथला दाब प्रवासी केबिनइतकाच असतो. परंतु हवा खेळती राहण्याची आणि ऊब देण्याची सोय एअरबस ए३२० प्रकारच्या प्रत्येक विमानात बसवलेली असतेच असे नाही, ती विमान घेताना निवडायची बाब आहे. आमचे विमान आदल्या दिवशी बदलले आणि नव्या विमानात ती सोय नसल्यामुळे वाघ्याला नेता येणार नाही, असे रात्री साडेनऊला कळवण्यात आले. निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की मनीला, वाघ्याला आणि आम्हाला तीन वेगवेगळ्या दिवशीच्या जागा देऊन कंपनीने फोन ठेवून दिला; दोन तास वाद घातल्यावर परवाच्या विमानात सर्वांची एकत्र सोय झाली, आणि तीही दुपारच्या. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी धावपट्टीलगत पिंजरा किती वेळ उन्हात राहील, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अमेरिकेच्या नियमांत चढवता-उतरवताना सुमारे २९.५ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात प्राणी पंचेचाळीस मिनिटांहून अधिक काळ ठेवता येत नाही. आमच्या कंपनीच्या पत्रिकेत तापमानाचा एकही आकडा नव्हता. शेवटी एका हमालाने आपणहून पिंजरा सामानाच्या गाडीच्या सावलीच्या बाजूला लावला, हे आम्ही विमानाच्या खिडकीतून पाहिले. दोन गुणांपैकी एक त्याचा आहे.

मुंबईला वाघ्या सामानाच्या पट्ट्यावर न येता बाजूच्या दाराने आला. धाप लागलेली होती, वाटी रिकामी होती. बाकी ठीक होता.

परतताना मनी विमानानेच आली. वाघ्याला मी रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने आणले. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात दोन बर्थची संपूर्ण कूपे आपल्याच नावे असेल तर कुत्रा सोबत नेता येतो. त्याची नोंदणी पार्सल कार्यालयात करावी लागते. कूपे मिळवण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या आणि दोन बर्थचे भाडे द्यावे लागले. पण रात्रभर तो माझ्या पायाशी झोपला आणि सकाळी इंदूरला स्वतःच्या पायांनी उतरला. पिंजरा मुंबईतच मुलीच्या शेजाऱ्यांना देऊन टाकला आहे. त्यांचा लॅब्रॅडॉर त्यात मावतो की नाही, हे त्यांनी मापे घेऊन अजून कळवलेले नाही.